मांडवीचा प्लेग, व्हेनिसची परिषद

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवीत तापाने फणफणलेले, जांघेत गाठी आलेले रुग्ण पाहून मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. बातमी समुद्रापार गेली आणि मुंबईहून येणारी जहाजं युरोपच्या बंदरांना नकोशी झाली. १८९७ मध्ये व्हेनिसला खास प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ब्रिटिशांना व्यापाराची धास्ती! त्याच वर्षी साथरोग कायदा आला, मुंबईतून हजयात्रा थांबली. पुण्यात प्लेगच्या वेळी झालेल्या घरझडत्या आपल्याला पाठ आहेत. त्यामागचा हा बाहेरचा दबाव मात्र आपण विसरतो.

१९९४ मध्ये सुरतेच्या प्लेगनंतर पुन्हा तेच: विमानं रद्द, माल अडला.

पण ज्या मुंबईची जहाजं नकोशी झाली, त्याच मुंबईत जानेवारी १८९७ मध्ये शास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची नवी लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे ती इथूनच परदेशीही गेली.