गुडघ्याला जागा हवी, पण सीटचा पाया पक्का हवा

जंक्शनच्या चौकातून वालचंदनगरकडे वळलं की रस्ता उसाच्या ट्रॉल्यांचा असतो. त्यांच्या मागे-पुढे हल्ली एखादी थार किंवा गुरखा दिसतेच. जीप या भागाला नवी नाही. साखर कारखान्याच्या शेतकी खात्याची जीप बांधाबांधाने फिरायची, आणि वडापच्या जीपमध्ये माणसं मोजून बसवायची पद्धत नव्हती. महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली ती १९४७ साली. ज्यांचं नाव या गावाला आहे त्या वालचंद हिराचंद यांनी त्याआधी, १९४४ साली, प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली होती. त्यामुळे मोटारीची आवड इथल्या घरांत जुनीच आहे.

आता घराघरांत सहा फुटी मुलं वाढली आहेत. हौसेने घेतलेल्या गाडीत ती बसतात आणि तासाभराने गुडघा धरून उतरतात. मग कुणीतरी सांगतं, "सीट तीन इंच मागे घेऊन देतो, पट्टी वेल्ड केली की झालं." बाजारात त्यासाठी तयार ब्रॅकेट आणि लांब रेलही मिळतात. त्यातून खरोखर आराम मिळू शकतो. पण या कामाभोवती इतके गैरसमज आहेत की गुडघा वाचवताना माणूस धोक्यात येतो. म्हणून ते एकेक करून तपासू.

गैरसमज : माहितीपत्रकात लेगरूमचा आकडा मोठा, म्हणजे गुडघ्याला जागा जास्त.

वस्तुस्थिती : हा आकडा गुडघ्यापुढच्या मोकळ्या जागेचा नसतो. मोजण्याच्या रूढ पद्धतीत पाय न दाबलेल्या ॲक्सिलरेटरवर ठेवतात, घोट्यापासून कमरेच्या सांध्यापर्यंतचं अंतर घेतात आणि त्यात पावलासाठी २५४ मिलिमीटर मिळवतात. स्टिअरिंगखाली मांडी अडकते का, गुडघा दरवाजाच्या कप्प्याला घासतो का, डाव्या पायाला क्लचशेजारी टेकायला जागा आहे का, यातलं काहीही त्या आकड्यात येत नाही. शिवाय सारख्या उंचीच्या दोन भावांत एकाचे पाय लांब असतात, तर दुसऱ्याचं धड. एकाला अपुरी पडणारी सीट दुसऱ्याला चपखल बसते. म्हणून शोरूममध्ये पाच मिनिटं बसून भागत नाही. अर्धा तास गाडी चालवून पाहावी.

गैरसमज : जागा वाढवायची तर सीट मागेच न्यायला हवी.

वस्तुस्थिती : थोडी भूमिती करू. मांडी आणि नडगी प्रत्येकी ४५ सेंटिमीटर धरा. घोटा ते कंबर हे अंतर अडीच सेंटिमीटरने वाढलं, तर ११० अंशांत वाकलेला गुडघा साधारण ११६ अंशांपर्यंत उघडतो. म्हणजे एका इंचात पाच-सहा अंश मिळतात. लांबच्या प्रवासात एवढा फरक पायाला नक्की कळतो.

हे अंतर दोन दिशांनी वाढतं. जीपसारख्या गाडीत माणूस खुर्चीवर बसावा तसा ताठ बसतो. कंबर घोट्यापासून ६५ सेंटिमीटर मागे आणि ३० सेंटिमीटर वर असेल, तर सीट अडीच सेंटिमीटर मागे नेल्यावर पायाला सव्वादोन सेंटिमीटर मिळतात. तेवढीच वर उचलली तर एक सेंटिमीटरच्या आसपास मिळतो. म्हणजे ज्याच्या डोक्यावर जागा आहे, त्याला सीटची उंची वाढवूनही थोडा आराम मिळेल.

मागे सरकण्याची किंमत मात्र हात मोजतात. अनेक गाड्यांचं स्टिअरिंग वर-खाली होतं, चालकाकडे येत नाही. त्यामुळे पाय सुखावतात आणि खांदे सीटच्या पाठीपासून सुटतात. कसोटी सोपी आहे. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचलं पाहिजे, आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही डावा गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. या दोन्ही गोष्टी जमतात तिथेच थांबावं.

गैरसमज : कंपनीने दिलेली रेल अपुरी आहे, ब्रॅकेटचं किट घेतल्याशिवाय गत्यंतर नाही.

वस्तुस्थिती : आधी सीटखाली टॉर्च मारून बघा. शेतात फिरणाऱ्या गाडीच्या रेलमध्ये काळी माती, पाचटाचे तुकडे आणि खडे बसतात, आणि सीट शेवटच्या एक-दोन खाचांपर्यंत जातच नाही. कधी सीटमागे ठेवलेला जॅक किंवा पाण्याचा कॅन आडवा येतो. रेल साफ करून योग्य ग्रीस लावलं की हरवलेली जागा फुकट परत मिळते.

पुढे पायाखाली बघा. जाड गादीसारखं मॅट घोट्यालाच वर उचलतं आणि सरकलं तर पेडलखाली अडकतं. पाठीला लावलेली उशी उंच माणसाला पुढे ढकलते. मॅट आणि उशी दोन्ही काढून, स्टिअरिंग वर घेऊन आठवडाभर गाडी चालवा. पुष्कळांची तक्रार इथेच मिटते. उरली तरच पुढचा विचार करा.

गैरसमज : माणूस ऐंशी किलोचा, सहा मिलिमीटरची पट्टी शंभर माणसं पेलेल.

वस्तुस्थिती : सर्वांत घातक गैरसमज हाच. उभ्या गाडीत सीटवर फक्त वजन असतं. अपघाताच्या क्षणी त्याच वजनाचा प्रचंड ओढा होतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत सीट आणि तिची पकड गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट मंदनाला टिकावी लागते. वीस किलोची रिकामी सीटसुद्धा त्या क्षणी चारशे किलोच्या जोराने पुढे झेपावते. पट्ट्याच्या आधारांची चाचणी आणखी कडक असते. प्रवासी मोटारीत खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्यावर एकाच वेळी प्रत्येकी १३.५ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ पावणेचौदाशे किलोचा ओढा लावतात. बऱ्याच गाड्यांत पट्ट्याचं बकल सीटलाच जोडलेलं असतं. तिथे हा भारही सीटच्या पायांतून गाडीच्या फरशीत उतरतो.

समोरून धडक बसली की सीट पुढे कलंडू पाहते. पुढचे पाय खाली रेटले जातात आणि मागचे बोल्ट वर उपटले जातात. आता ब्रॅकेट घालून सीट तीन इंच मागे नेली, तर मागचा पाय मूळ बोल्टच्या बाहेर लटकतो. व्हाइसमध्ये एक टोक धरलेली पट्टी दुसऱ्या टोकाला ओढल्यावर जशी वाकते, तशी ती पट्टी वाकते. ब्रॅकेटमुळे सीट उंच झाली असेल, तर तरफ आणखी लांबते. पट्टी किती जाड आहे यापेक्षा तिची घडी कशी आहे, कडा वळवलेल्या आहेत का आणि भोकं काठापासून किती आत आहेत, याला जास्त महत्त्व आहे.

बोल्टचंही तसंच. डोक्यावर ८.८ लिहिलेल्या बोल्टमधला पहिला आकडा सांगतो की पोलादाची ताणशक्ती ८०० मेगापास्कल आहे. दहा मिलिमीटरचा असा बोल्ट सुमारे ४६ किलोन्यूटन ताणाला तुटतो. बाजारात सुटा मिळणारा ४.६ दर्जाचा बोल्ट दिसायला अगदी तसाच असतो, पण निम्म्या ताणाला तुटतो. सीटचा मूळ बोल्ट हरवला तर ‘साइज जुळतो’ म्हणून दुसरा लावू नये. दर्जा जुळला पाहिजे, आणि तो टॉर्क रेंचने, ठरलेल्या मापानेच आवळला पाहिजे.

वेल्डिंगबद्दल तर वालचंदनगरला वेगळं सांगायला नको. इथल्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटसाठी मोटर केसिंग तयार झाली आहेत. टाका कितीही देखणा असला तरी त्याची तपासणी झाल्याशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवायचा नसतो, हे इथल्या वेल्डरला पाठ असतं. टाक्याशेजारच्या तापलेल्या पट्ट्यात धातूचे गुण बदलतात. उच्च ताकदीच्या पोलादाची रेल तिथेच मऊ किंवा ठिसूळ होऊ शकते. म्हणून रेल कापून लांबवू नका, आणि सीटच्या सांगाड्यावर टाके मारू नका. बदल करायचाच तर तो नट-बोल्टने बसणारा आणि पुन्हा काढता येणारा असावा.

गैरसमज : पट्टा गाडीला आहे, सीट हलवल्याने त्याला काय होतं?

वस्तुस्थिती : खांद्याचा पट्टा दारामागच्या खांबावरून येतो. तीन दारांच्या गाडीत दार लांब असल्याने हा खांब बराच मागे असतो. पाच दारांच्या गाडीत तो चालकाच्या जवळ येतो. सीट फार मागे गेली तर खांदा खांबाच्या मागे पडतो. मग पट्टा खांद्यावर न बसता पुढच्या दिशेने सुटतो, आणि धडकेत शरीर आधी काही सेंटिमीटर फेकलं जातं व नंतर पकडलं जातं. बदल केल्यावर आरशात बघा. पट्टा खांद्याच्या मधोमध सपाट हवा, कमरेचा भाग पोटावर न येता कमरेच्या हाडावर हवा.

एअरबॅगचं गणितही सीटशी जोडलेलं आहे. छातीचं हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर असावं, असा सल्ला अमेरिकेची वाहतूक सुरक्षा संस्था देते. उंच माणसाला ते सहज मिळतं. पण सीट मागे नेऊन तो हातांसाठी पुढे झुकून बसू लागला, तर मिळालेलं अंतर गमावतो. ज्या गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटमध्येच असते, त्यांच्या सीटखाली तिच्या तारा असतात. त्या ताणून, कापून लांब करू नयेत. सीट सोडवण्याआधी बॅटरी काढून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावं.

गैरसमज : जीप ती जीप. परदेशी किट आपल्या गाडीलाही बसतं.

वस्तुस्थिती : परदेशी जीप रँग्लरचं ब्रॅकेट थारसाठी बनलेलं नसतं. भोकांची जागा, फरशीचे उंचवटे, रेलची उंची सगळं वेगळं असतं. शिवाय डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत चालकाची सीट आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी असते, बकलची बाजूही बदलते. बसवताना भोक रुंद करावं लागलं, तर तो भाग तुमच्या गाडीचा नाही हे ओळखा.

जुन्या जीपमध्ये तर आणखी सावध राहायला हवं. सीजे ३बी मॉडेलमध्ये इंधनाची टाकी चालकाच्या सीटखालीच असते आणि मागे चाकाची कमान आडवी येते. तिथे टाकी काढल्याशिवाय वेल्डिंगची ठिणगी पाडणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. टाकी रिकामी असली तरी आतली वाफ पेट घेते.

गैरसमज : स्पर्धेची बकेट सीट टाकली की जागाही मिळते, सुरक्षाही.

वस्तुस्थिती : पातळ कवचाच्या सीटमुळे थोडी जागा खरोखर मिळते. पण ती सीट चार-पाच पट्ट्यांच्या बांधणीसाठी आणि आत लोखंडी पिंजरा असलेल्या गाडीसाठी घडवलेली असते. पिंजरा नसताना माणूस सीटला ताठ बांधला आणि गाडी उलटली, तर छत दबल्यावर त्याला वाकायला वाव राहत नाही. शिवाय सीटमधली बाजूची एअरबॅगही जाते. स्पर्धेचं प्रमाणपत्र म्हणजे रस्त्यावरची मान्यता नव्हे.

गैरसमज : फोम कापून सीट खाली घेतली तर काही बिघडत नाही.

वस्तुस्थिती : डोक्याला जागा मिळते, पण कंबर खाली गेल्याने गुडघा आणखी दुमडतो. माणसाचा मणका उभ्या दिशेतल्या सेकंदाला चार ते आठ कंपनांना सर्वांत संवेदनशील असतो. खडबडीत रस्त्यावरचे धक्के फोमच मवाळ करतो. कापलेला फोम पाठीला महाग पडतो.

गैरसमज : सीट आरसी बुकात लिहिलेली नाही, म्हणून कायद्याचा प्रश्नच नाही.

वस्तुस्थिती : मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेरच्या बदलांविरुद्ध कडक भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आणली. दुसरीकडे, कलमाच्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे गाडीचं मूळ स्वरूप पालटणारा रचनेतला बदल, असा अर्थ दिला आहे. बोल्टने बसणारं ब्रॅकेट या दोन टोकांच्या मध्ये येतं. म्हणून एमएच ४२ च्या गाडीवाल्याने बारामतीच्या परिवहन कार्यालयात आधी विचारावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं. अपंगत्वामुळे बदल हवा असेल तर कायद्यात ‘अनुकूलित वाहना’ची वेगळी वाट आहे. तिचा हक्काने उपयोग करावा.

एवढं सगळं पाहिल्यावर क्रम स्पष्ट होतो. आधी रेल साफ करा, मॅट आणि उशी काढा, बसण्याची पद्धत सुधारा. मग टेप घेऊन मोजा, किती कमी पडतंय. एखादा इंच कमी असेल, तर त्याच मॉडेलसाठी बनवलेलं, चाचणीचे कागद असलेलं ब्रॅकेट शोधा आणि मूळ दर्जाच्या बोल्टने बसवून घ्या. पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासा. तीन-चार इंच कमी असतील, तर ती गाडी त्या माणसाच्या मापाची नाही हे मान्य करा. गाडी बदलता येते.

उंच मुलाच्या गुडघ्याची काळजी करणं योग्यच आहे. पाय आखडून बसलेला चालक थकतो आणि थकलेला चालक चुकतो. पण तीच सीट अपघाताच्या क्षणी त्याला गाडीशी धरून ठेवते. वालचंदनगरच्या कुठल्याही जुन्या फिटरला विचारा, तो आधी माप घेईल आणि मगच पान्याला हात घालेल. आपल्या मुलाच्या सीटसाठी आपणही तेवढं करायला हवं.