गोबरगॅसच्या टाकीतलं निकेल

हसनाबादला आमच्या गोठ्यामागच्या गोबरगॅसमध्ये साधारण ६० टक्के मिथेन असतो. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तो जळत नाही, वाया जातो. मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून हे मला फार सलतं.

१९०२ मध्ये फ्रान्सच्या पॉल साबातिए यांनी वाट दाखवली: हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तापलेल्या निकेलच्या भुकटीवरून सोडले की मिथेन आणि पाणी तयार होतं. निकेल खर्च होत नाही. त्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे रेणू तुटतात आणि कार्बनशी जोडले जातात. कारखान्यात याला ३०० ते ४०० अंश तापमान लागतं. उष्णता बाहेर काढली नाही, तर निकेलचे कण एकमेकांना चिकटून त्याचा जोर ओसरतो. गोबरगॅसला कुजक्या अंड्यांचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड तर निकेलचा वैरीच. तो आधी लोखंडाच्या किसात अडवावा लागतो.

मला सर्वांत थोर वाटते ती वेगळीच गोष्ट. टाकीतले मिथेन बनवणारे सूक्ष्मजीवही हे काम निकेल असलेल्या विकराकडूनच करून घेतात, तेही शेणाच्या उबेत!

हायड्रोजन मात्र सौरविजेने पाणी फोडूनच मिळवायला हवा. त्यातलं निम्मं पाणी अभिक्रियेत परत मिळतं. आमच्या भोकरदन तालुक्यात हे थोडं नव्हे.