पांढरे मोजे आणि एकशेचार सिंफनी

१ मे १७६१ या दिवशी व्हिएन्नात एक करारनामा झाला. नोकरीवर घेतला जाणारा माणूस एकोणतीस वर्षांचा होता. त्याने धन्यासमोर येताना पांढरे मोजे आणि पांढरा शर्ट घालावा, केसांना पावडर लावलेली असावी, वेणी किंवा केसांची पिशवी सर्वांसारखीच असावी, असे एक कलम होते. रोज दुपारच्या आधी आणि नंतर दालनाबाहेर हजर राहून आज संगीत हवे आहे का, ते विचारावे, असे दुसरे. धनी सांगतील ते संगीत त्याने रचावे, त्याची नक्कल कोणालाही देऊ नये आणि परवानगीशिवाय दुसऱ्या कोणासाठी काही रचू नये, असे तिसरे. पगार सालाचे ४०० गुल्डेन.

हा नोकर म्हणजे योझेफ हायडन. धनी म्हणजे हंगेरीतल्या सर्वांत श्रीमंत सरदार घराण्यांपैकी एकाचा प्रमुख, प्रिन्स पॉल अंटोन एस्टरहाझी.

मी संगीताचा पदवीधर नाही. अठ्ठावीस वर्षे एका सहकारी बँकेत हिशेब तपासण्याचे काम केले. हायडनची ओळख मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर वीस रुपयांना घेतलेल्या एका जुन्या कॅसेटमुळे झाली. स्वरलेखन वाचायला पुढे पुस्तकांवरून शिकलो, अजूनही अडखळत वाचतो. पण करारनामे, पगारपत्रके आणि बिले मला वाचता येतात. त्यामुळे हायडनकडे मी गेलो तो याच दाराने, आणि आता वाटते की सिंफनी या प्रकारात शिरायला हे दार काही वाईट नाही.

कारण सिंफनी एकट्याने करण्याची गोष्टच नव्हे. आपला गवई तानपुरा आणि तबल्याच्या साथीने दोन तासांचे विश्व उभे करू शकतो. सिंफनी ही वाद्यवृंदासाठी लिहून ठेवलेली, शब्दांवाचून चालणारी, बहुधा चार भागांची रचना. तिला वीस ते साठ वादक लागतात. प्रत्येकाच्या हातात त्याच्या सुरावटीची नक्कल लागते, दालन लागते, मेणबत्त्या लागतात, आणि या सगळ्यांचा महिन्याचा खर्च भागवणारा कोणीतरी लागतो. म्हणून सिंफनी ऐकताना ‘ही कोणी रचली’ याबरोबरच ‘हिचे पैसे कोणी दिले आणि समोर कोण बसले होते’ हेही विचारावे लागते. हायडनच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर त्याच्या हयातीतच बदलले. म्हणून मी त्याला निवडले.

हायडन १७३२ साली ऑस्ट्रियातल्या रोहराऊ गावी जन्मला. वडील गाड्यांची चाके बनवणारे, आई लग्नापूर्वी गावच्या काउंटच्या वाड्यावर स्वयंपाकीण. आवाज गोड म्हणून लहानपणीच व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन चर्चच्या गायकवृंदात गेला आणि आवाज फुटल्यावर रस्त्यावर आला. शिकवण्या, लग्नासमारंभांत आणि रात्री रस्त्यावर वाजवणे, अशी काही वर्षे काढल्यावर पुढे त्याला एस्टरहाझींची नोकरी मिळाली. करारातली कलमे वाचून आपल्याला राग येतो. पण चाकवाल्याच्या मुलाला ती जाचक वाटली असतील, असे गृहीत धरू नये. पोटाची आणि डोक्यावरच्या छपराची हमी ही त्याच्यासाठी लहान गोष्ट नव्हती.

पॉल अंटोन वर्षभरातच वारला आणि त्याचा भाऊ निकोलाउस गादीवर आला. त्याने नॉयझीडल सरोवराजवळच्या दलदलीत एस्टरहाझा नावाचा राजवाडा उभारला. तिथे ऑपेरागृह होते, कठपुतळ्यांचे थिएटर होते आणि पगारी वाद्यवृंद होता. ऐकणारे मात्र तेच ते: प्रिन्स, घरची मंडळी, पाहुणे. हायडनने म्हातारपणी आपला चरित्रकार ग्रीझिंगर याला याबद्दल जे सांगितले त्याचा आशय असा: वाद्यवृंद हाताशी होता, म्हणून कशाने परिणाम साधतो आणि कशाने बिघडतो ते करून पाहता येई. जगापासून तुटलेलो असल्याने टोचणारे कोणी नव्हते, म्हणून मला स्वतःची वाट काढणे भागच पडले.

प्रयोगशाळा म्हणतात ती याहून वेगळी काय असते? आठवड्यामागून आठवडे तेच वादक, तोच जाणकार श्रोता. चार भागांतला समतोल, एका छोट्या सुरावटीतून सगळा भाग उभारण्याची रीत, मध्येच थांबून श्रोत्याला चकवण्याची खोड, हे सगळे तिथे घडले. आणि तिथेच १७७२ साली सिंफनी क्रमांक ४५ झाली. तिला ‘निरोपाची सिंफनी’ म्हणतात.

गोष्ट प्रसिद्ध आहे. प्रिन्सचा एस्टरहाझातला मुक्काम लांबत गेला. वादकांची बायकामुले दूर आयझेनश्टाटला. त्यांनी हायडनला गळ घातली. हायडनने सिंफनीचा शेवटचा वेगवान भाग मध्येच तोडून त्याला एक संथ भाग जोडला. त्यात एकेक वादक आपले वाजवून होताच मेणबत्ती विझवून उठून जातो. शेवटी दोनच व्हायोलिन उरतात. प्रिन्सला अर्थ कळला आणि वादकांना घरी जायची परवानगी मिळाली.

हिशेबनिसाला मात्र यात आणखी दोन कागद दिसतात. पहिला त्याच वर्षाच्या जानेवारीतला हुकूम: वादकांच्या कुटुंबांना एस्टरहाझात राहता येणार नाही. त्यातून मोजक्यांना सूट होती. त्यांत हायडन होता आणि पहिला व्हायोलिनवादक तोमासिनीही होता. शेवटपर्यंत दालनात राहणारी दोन व्हायोलिने होती ती याच दोघांची. त्यांचा मान मोठा म्हणून ते शेवटी उरले, हे खरेच. पण ज्यांना घरी जाण्याची घाई नव्हती तेच मागे राहिले, हेही तितकेच खरे. हायडनने अर्ज लिहिला तो स्वतःसाठी नव्हे.

दुसरा कागद बिलाचा. ही सिंफनी एफ शार्प मायनर या स्वरात आहे, आणि त्या काळात या स्वरात सिंफनी लिहीत नसत. त्या वेळच्या हॉर्नला कळा नसत. स्वर बदलायचा तर नळीत निराळ्या लांबीचे वेढे बसवावे लागत, आणि या स्वराचे वेढे दरबारात नव्हते. १७७२ च्या ऑक्टोबरात अर्ध्या स्वराचे नवे वेढे मागवले गेले आणि त्याचा खर्च प्रिन्सच्या तिजोरीतून झाला. म्हणजे नोकरांच्या तक्रारीसाठी लागणारे सामान धन्यानेच विकत घेऊन दिले! दरबार कसा चालत असेल, हे मला या एका बिलातून जितके कळले तितके जाड ग्रंथांतून कळले नाही.

त्या तिजोरीत पैसा कुठून येत होता? एस्टरहाझींच्या अफाट जमिनी कसणाऱ्या बांधील कुळांकडून. १७६७ साली मारिया तेरेझाने हंगेरीतल्या कुळांच्या देण्यांना मर्यादा घातली. पूर्ण जमीनवाट्यामागे जमीनदाराकडे वर्षाला ५२ दिवस बैलजोडीसह किंवा १०४ दिवस अंगमेहनतीची वेठ. हायडनच्या क्रमांक दिलेल्या सिंफनीही १०४ आहेत. हा निव्वळ योगायोग, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण मला तो आकडा विसरता येत नाही.

आता दुसरा अंक. १७७९ साली हायडनचा नवा करार झाला आणि दुसऱ्यांसाठी रचायचे नाही, हे कलम त्यातून गेले. त्याच्या सिंफनी आधीच चोरून छापल्या जात होत्या. आता तो स्वतःच प्रकाशकांशी व्यवहार करू लागला. १७८५-८६ मध्ये त्याने पॅरिसच्या एका मोठ्या वाद्यवृंदासाठी सहा सिंफनी लिहिल्या. मग १७९० च्या सप्टेंबरात निकोलाउस वारला. वारसाने वाद्यवृंद मोडला आणि हायडनला पेन्शन दिली. लंडनचा संगीतसंयोजक सालोमोन दारात येऊन उभा राहिला. सहा सिंफनींसाठी ३०० पौंड आणि छपाईच्या हक्कांचे आणखी २०० असा त्याचा देकार होता. अठ्ठावनाव्या वर्षी, इंग्रजी येत नसताना हायडन निघाला आणि १ जानेवारी १७९१ रोजी डोव्हरला उतरला.

लंडनला श्रोता बदलला. हॅनोवर स्क्वेअरच्या सभागृहात वर्गणी भरून आलेले शेकडो लोक असत. त्यांत सरदार होते, तसेच व्यापारी, वकील आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया होत्या. वाद्यवृंद चाळीसच्या घरातला, पुढे १७९५ साली साठच्या आसपास. लोक उशिरा येत, म्हणून हायडनची नवी सिंफनी कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागाच्या आरंभी ठेवलेली असे. आता संगीताकडे पाहा. लंडनसाठी लिहिलेल्या बारा सिंफनींपैकी अकरा संथ, भारदस्त प्रस्तावनेने सुरू होतात. गप्पांत रमलेल्या दालनाला गप्प करायला ही प्रस्तावना फार कामाची. एस्टरहाझात प्रिन्स बसला की शांतता आपोआप होई. इथे ती संगीताला मिळवावी लागत होती.

‘सरप्राइझ’ म्हणून ओळखली जाणारी ९४ वी सिंफनी २३ मार्च १७९२ रोजी झाली. तिच्या दुसऱ्या भागात लहान मुलाला गुणगुणता येईल अशी चाल हळू येते, पुन्हा आणखी हळू येते, आणि तिच्या शेवटी टिंपनीसह सगळा वाद्यवृंद एकदम धडाका देतो. पेंगणाऱ्या श्रोत्यांना जागे करायला हे केले, अशी दंतकथा आहे. ग्रीझिंगरने विचारले तेव्हा हायडनने ते नाकारले. त्याला काहीतरी नवे करून लोकांना चकित करायचे होते, आणि आपला शिष्य प्लेयेल याने आपल्यावर मात करू नये, हेही मनात होते. त्या हंगामात प्रतिस्पर्धी संस्थेने याच प्लेयेलला मुद्दाम बोलावले होते. म्हणजे तो धडाका झोपाळूंसाठी नव्हता, समोरच्या दुकानासाठी होता.

१७९४ ची ‘मिलिटरी’ सिंफनी ऐका. शंभरावी. तिच्या शांत दुसऱ्या भागात मोठा ढोल, झांजा आणि त्रिकोण घुसतात, शेवटी लष्करी तुतारी वाजते. इंग्लंड वर्षभरापासून क्रांतिकारी फ्रान्सशी लढत होते. समोर बसलेल्यांच्या घरातली मुले आघाडीवर होती. हे संगीत दरबाराच्या चार भिंतींत सुचले असते का? मला वाटत नाही.

इथे आपलाही एक धागा येतो. वॉरन हेस्टिंग्ज हे नाव मराठी वाचकाला पहिल्या इंग्रज-मराठा युद्धामुळे आणि सालबाईच्या तहामुळे माहीत आहे. त्याच्यावरचा खटला लंडनमध्ये सात वर्षे चालला आणि २३ एप्रिल १७९५ रोजी तो निर्दोष सुटला. त्यानंतर अकराच दिवसांनी, ४ मे रोजी, त्याच शहरात हायडनची शेवटची सिंफनी, १०४ वी, पहिल्यांदा वाजली. त्या दालनातल्या प्रत्येकाचा पैसा हिंदुस्थानातून आला, असे मी म्हणणार नाही. पण वर्गणी भरून सिंफनी ऐकणारा सुखवस्तू वर्ग ज्या व्यापारावर पोसला जात होता, त्यात आपल्याकडच्या मालाचा आणि महसुलाचा वाटा होता. एस्टरहाझाची कुळे जशी प्रिन्सच्या दालनातून दिसत नव्हती, तसे हे लोकही हॅनोवर स्क्वेअरमधून दिसत नव्हते.

त्या ४ मेच्या रात्री हायडनला ४००० गुल्डेन मिळाले. त्याने वहीत ते टिपून ठेवले आणि हे फक्त इंग्लंडातच होऊ शकते, असा शेराही मारला. चौतीस वर्षांपूर्वीच्या वार्षिक पगाराच्या दहापट, एका रात्रीत.

मी बरीच वर्षे ही गोष्ट ‘गुलाम सुटला’ अशी सांगत असे. हायडनची पत्रे वाचल्यावर ती तितकी सरळ राहिली नाही. १७९० साली एस्टरहाझाहून तो एकाकीपणाने कंटाळून लिहितो. १७९१ साली लंडनहून लिहितो की आपण आता बांधलेले नोकर नाही, या जाणिवेनेच सगळ्या कष्टांची भरपाई होते. आणि १७९२ च्या जानेवारीत लिहितो की आयुष्यात एका वर्षात इतके कधी लिहिले नव्हते, अगदी थकून गेलो आहे. दालनाबाहेर दोनदा उभे राहणे संपले, पण दर हंगामाला नवे काही देण्याचा तगादा मागे लागला. शिवाय लंडनला जे विकले गेले ते तीस वर्षांच्या त्या दलदलीतल्या प्रयोगांतून आलेले होते. बाजाराने दाम दिले, पण मुळात कला कमावली गेली ती दरबारात. हे मान्य करायला मला जड गेले. मान्य केल्याशिवाय हिशेब मात्र जुळत नाही.

आणि शेवटची नोंद. १७९५ साली हायडन व्हिएन्नाला परतला. नवा प्रिन्स आला होता, त्याच्या नोकरीत पुन्हा रुजू झाला, आता मानाने. १८०९ साली, नेपोलियनचे सैन्य शहरात असताना तो वारला. या चौदा वर्षांत त्याने चर्चसाठी मोठ्या रचना केल्या, ‘क्रिएशन’सारखे भव्य काम केले. सिंफनी मात्र एकही लिहिली नाही. हात थकले म्हणून, असे म्हणता येणार नाही. त्यांनी बरेच काही लिहिले. पण प्रिन्सला आता सिंफनी नको होती आणि लंडनचे दालन दूर राहिले होते. मागणारेच नव्हते, म्हणून तो प्रकार त्याच्यापुरता थांबला.

निरोपाची सिंफनी आजही वाजवतात. वादक एकेक करून उठून जातात, श्रोते हसतात, शेवटी टाळ्या होतात. मीही पहिल्यांदा ऐकली तेव्हा हसलो होतो. आता कॅसेटवर ती दोन व्हायोलिने उरली की मला त्या हॉर्नच्या वेढ्यांचे बिल आठवते, ते फेडणारी तिजोरी आठवते, आणि तिजोरीपर्यंतची १०४ दिवसांची वेठ. संगीत त्याने कमी गोड होत नाही. फक्त दालनात आणखी काही माणसे येऊन बसतात.