फुटतो दाणा, फोडतं पाणी

नागपंचमीच्या लाह्यांसाठी ज्वारी आधी गरम पाण्यातून काढून, निथळून कापडात बांधून ठेवतात. भाजायचं धान्य आधी ओलं करायचं, हे उलटंच वाटतं. पण लाही फुलते ती दाण्यातल्या पाण्यामुळेच. मायक्रोवेव्हमधला पॉपकॉर्नही त्याला अपवाद नाही.

गैरसमज : मक्याचा कोणताही दाणा फुलतो, फक्त तो कडकडीत वाळलेला हवा.
वस्तुस्थिती : पॉपकॉर्नचा मका वेगळ्या वाणाचा असतो. त्याचं टरफल कठीण आणि घट्ट असतं. आत साधारण १४ टक्के ओलावा लागतो. सुमारे १८० अंश सेल्सिअसला आतल्या वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या नऊपट होतो, टरफल फाटतं आणि पिठूळ गर फेसासारखा फुलतो. म्हणून दाणे उन्हात वाळवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

गैरसमज : तळाशी राहिलेले गणंग पुन्हा तापवले की फुटतात.
वस्तुस्थिती : एखादा दाणा उष्णता कमी पडल्यानं राहिलेला असतो. पण बऱ्याच गणंगांच्या टरफलाला चीर गेलेली असते किंवा ओलावा उडालेला असतो. वाफ कोंडतच नाही, मग दाब कुठून येणार? ते नुसते करपतात.

गैरसमज : मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्नचं पाकीट कसंही ठेवलं तरी चालतं.
वस्तुस्थिती : पाकिटाच्या एका बाजूच्या कागदात अ‍ॅल्युमिनियमचा अतिपातळ थर असतो. ओव्हनमधल्या मायक्रोवेव्ह लहरींनी तो तव्यासारखा तापतो. दाणे त्याच्यावर यायला हवेत, म्हणून ‘ही बाजू खाली’ ही सूचना पाळायची.

गैरसमज : ‘पॉपकॉर्न’चं बटण दाबलं की काम झालं.
वस्तुस्थिती : पाकिटं लहानमोठी असतात, ओव्हनची ताकदही कमीजास्त असते. बटणापेक्षा कानावर भरवसा ठेवा. दाणे फुटण्याच्या दोन आवाजांमध्ये दोन-तीन सेकंदांचं अंतर पडू लागलं, की ओव्हन बंद करा.

गैरसमज : पॉपकॉर्नमध्ये किरणोत्सर्ग उरतो.
वस्तुस्थिती : दिवा मालवला की उजेड जातो, तशा ओव्हन बंद होताच लहरी संपतात. त्या अन्न तापवतात, किरणोत्सर्गी करत नाहीत. जपायचं ते वाफेपासून. कठीण टरफल फाडणारी ती वाफ आता पाकिटात कोंडलेली असते. म्हणून पाकीट मिनिटभर थांबून, तोंड चेहऱ्यापासून लांब धरूनच उघडा.