खदानीचे पाणी, जलाशयाचे पाणी

महाभारताच्या शल्यपर्वात एक विलक्षण हकिगत आली आहे. अठराव्या दिवशी सारे सैन्य कामास आल्यावर दुर्योधन एकटाच गदा घेऊन द्वैपायन डोहात शिरला आणि जलस्तंभन विद्येच्या बळावर पाण्याखाली निश्चिंत पडून राहिला. पाण्यात राहूनही श्वासाची चिंता नसावी, ही माणसाची आकांक्षा इतकी जुनी आहे. ती प्रत्यक्षात उतरण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. १९४३ साली फ्रान्समध्ये नौदलातील अधिकारी जाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी एक झडप सिद्ध केली. पाठीवरच्या नळकांड्यातील दाबलेली हवा ती पाणबुड्याला त्याच्या श्वासासरशी, आणि सभोवारच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने पुरवी. आज ज्याला आपण स्कूबा म्हणतो, त्याचे मूळ हे.

ही विद्या आता आपल्या घरांतही पोहोचली आहे. सुटीत मालवण-गोव्याकडे गेलेली मुले समुद्राच्या तळाशी काढलेली छायाचित्रे घेऊन परततात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तर या विद्येची रीतसर प्रशिक्षण संस्थाच उभारली आहे. तेथे शिकून आलेला आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मध्यंतरी इतवाऱ्यात भेटला आणि म्हणाला, "सर, समुद्र दूर पडतो. सराव सुटू नये म्हणून गावाबाहेरच्या खदानीत उतरावे, की हनुवंतियाला जाऊन इंदिरासागरात उतरावे?" प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. प्रस्तुत लेखक पाणबुड्या नव्हे; परंतु तापीकाठी वाढलेला आणि पाण्याने नेलेली मुले पाहिलेला शिक्षक आहे. म्हणून या प्रश्नाचा थोडा विस्ताराने विचार करावा असे वाटले.

प्रथम पाण्याचा दाब म्हणजे काय ते पाहू. आपल्या बऱ्हाणपुरात त्यासाठी उत्तम उदाहरण आहे. अब्दुर्रहीम खानखानाच्या अमदानीत, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाने सातपुड्यातून झिरपणारे पाणी भुयारांतून शहराकडे आणले. तोच आपला कुंडी भंडारा. शंभराहून अधिक कुंड्यांची ही मालिका २०२४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. जमिनीखाली सुमारे ८० फूट उतरले तरी तेथे आपला श्वास नेहमीसारखाच चालतो. कारण कुंडीत वरचीच हवा असते. आता कल्पना करा, की ती कुंडी काठोकाठ पाण्याने भरली आहे. गोड्या पाण्यात दर १० मीटरांमागे साधारण एका वातावरणाचा दाब वाढतो. म्हणजे कुंडीच्या तळाशी उभ्या असलेल्या माणसावर पृष्ठभागावरच्या सव्वातीन पटींहून अधिक दाब पडेल. त्या दाबाखाली छाती फुगवायची तर आत येणारी हवाही तितक्याच दाबाची हवी. झडपेचे काम ते हेच.

येथेच या विद्येचा पहिला नियम जन्मतो : वर येताना श्वास कधीही कोंडू नये. १० मीटर खोलीवर भरून घेतलेली छातीभर हवा पृष्ठभागाशी येईतो दुप्पट जागा मागते. वाट मिळाली नाही, तर ती फुप्फुस फाडूनच बाहेर पडते. हा अपघात अगदी थोड्या खोलीवरूनही होऊ शकतो. दुसरा नियम सावकाश वर येण्याचा. दाबाखाली हवेतील नायट्रोजन रक्तात विरघळतो. सोड्याच्या बाटलीचे बूच एकदम उडविले की जसे बुडबुडे उसळतात, तसे घाईने वर येणाऱ्याच्या रक्तात आणि सांध्यांत ते उसळतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेन यांनी १९०८ साली यावरची पहिली विश्वसनीय कोष्टके प्रसिद्ध केली. आजचे पाणबुडे मनगटावरच्या यंत्रात जे पाहतात, ते त्याच विचाराचे पुढचे रूप होय.

हे नियम खदानीत आणि जलाशयात सारखेच. फरक पडतो तो पाण्याच्या स्वभावामुळे.

आपल्या भागाची भूमी काळ्या बसाल्टची. रस्ते आणि घरे यांसाठी गिट्टी काढून झाली, की मागे खोल खड्डा राहतो आणि दोन-चार पावसाळ्यांत तो पाण्याने भरतो. शिकणाराच्या दृष्टीने अशा पाण्याचे काही गुण आहेत. त्याला प्रवाह नाही. चहूंकडून कडे असल्याने वारा लागत नाही, लाटा उठत नाहीत. कोठूनही काठ जवळ असतो, आणि काठावर उभा राहिलेला गुरू सर्वांवर नजर ठेवू शकतो. इंग्लंडात लेस्टरशायरमधील स्टोनी कोव्ह ही ग्रॅनाइटची जुनी खाण सुमारे ३५ मीटर खोल आहे. काम थांबून पाणी चढल्यावर तेथे पाणबुड्यांची शाळाच वसली. खाणीचे टप्पे तेथे इयत्तांसारखे उपयोगी पडतात : आधी उथळ, मग मध्यम, मग खोल. उत्तर समुद्रातील तेलविहिरींवर काम करणारे पाणबुडेही तेथे तयार झाले.

परंतु स्टोनी कोव्ह आणि आपली गावाबाहेरची खदान यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. तेथील पाणी मोजलेले, राखलेले आणि पहाऱ्यातले आहे, आपले बेवारशी. खदानीला नदीसारखा उतार नसतो. काठावरून पाऊल टाकले की एकदम पुरुषभर, कधी त्याच्या दसपट पाणी. कडे सरळसोट आणि शेवाळलेले, म्हणून आत पडणे सोपे, बाहेर येणे कठीण. उन्हाळ्यात वरचे हातदोन हात पाणी उन्हाने कोमट होते. गरम पाणी हलके म्हणून ते वरच तरंगत राहते आणि खालचा थंड थर तसाच पडून असतो. वरून सूर मारणारा मुलगा एका क्षणात कोमट पाण्यातून गार पाण्यात शिरतो. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा २० पटींहून अधिक वेगाने ओढून घेते. त्या धसक्याने तोंड उघडून दीर्घ श्वास घेतला जातो, तो मात्र पाण्याखाली. तळाशी दगडाची भुकटी साचलेली असते. पाय लागला की ती ढगासारखी उठते आणि पाणबुड्याला स्वतःचा हातही दिसेनासा होतो. लोखंडी सळ्या, तारा, काटेरी झुडपे, गावाने टाकलेला केरकचरा हे निराळेच.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या शाळेतील इयत्ता नववीचा एक मुलगा अशाच खदानीत गेला. त्याला पोहता येत होते. तापीच्या घाटावर तो पोहत असे. मित्राने टाकलेली चप्पल काढण्यासाठी त्याने बुडी मारली, आणि वर आला नाही. दुसऱ्या दिवशी पाणबुड्यांनी त्याला काढले, तेव्हा कळले की तो काठापासून जेमतेम दहा हातांवर होता. जूनमध्ये शाळा उघडली आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे रेघ मारावी लागली. शिक्षकाच्या हातून होणाऱ्या कामांत याहून जड काम नाही.

आता मोठ्या पाण्याकडे वळू. पुनासा येथील इंदिरासागर धरणाची कोनशिला २३ ऑक्टोबर १९८४ रोजी श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते बसली. पाण्याच्या साठ्याच्या दृष्टीने हा देशातील सर्वांत मोठा जलाशय : साठवण १२.२२ अब्ज घनमीटर, आणि पूर्ण भरल्यावर क्षेत्र ९१३ चौरस किलोमीटर. २००४ साली याच पाण्यासाठी हरसूद गाव उठले, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. कित्येकांचे सोयरे तेथे होते. २०१६ पासून हनुवंतियाला जलमहोत्सव भरू लागला आणि पर्यटकांची वर्दळ सुरू झाली.

एवढ्या विस्तीर्ण पाण्यावर वाऱ्याला मोकळे रान मिळते. सकाळी आरशासारखे असलेले पाणी दुपारी खवळते, आणि काठ क्षितिजाइतका दूर असतो. तेथे नाव, नावाडी आणि वर थांबणारा जाणता माणूस यांवाचून उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. धरणाच्या जवळपास तर फिरकूच नये. जेथून पाणी दारांकडे वा जनित्रांकडे ओढले जाते, तेथील ओढ पृष्ठभागावर दिसत नाही, आणि तीत सापडलेल्याला कोणतीही ताकद सोडवू शकत नाही. मासेमारीची नायलॉनची जाळी पाण्यात दिसत नाहीत. म्हणून पाणबुड्याच्या पायाशी सुरी बांधलेली असते. नर्मदामातेचे वाहन मगर आहे, आणि ती केवळ चित्रातली नव्हे, हेही विसरू नये.

एक गोष्ट उंचीची. समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरहून उंच असलेल्या पाण्यात उतरायचे तर निराळी कोष्टके वापरावी लागतात. वरची हवा विरळ, म्हणून वर येणाऱ्याच्या रक्तातील नायट्रोजन अधिक जोराने सुटू पाहतो. इंदिरासागराची पूर्ण पातळी २६२ मीटर, म्हणजे या रेषेच्या थोडी खाली. राजा भोजाने बांधलेला भोपाळचा बडा तलाव सुमारे ५०८ मीटरवर, म्हणजे रेषेच्या बराच वर. सातपुड्याच्या पठारावरील खदानींनाही हाच न्याय. उलट बाजूही ध्यानात ठेवावी : मालवणच्या समुद्रातून निघून त्याच संध्याकाळी आंबोलीचा घाट चढणे किंवा गोव्याहून विमानात बसणे धोक्याचे आहे. विमानापूर्वी निदान १८ तास जाऊ द्यावेत, असा जाणत्यांचा सल्ला आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. खारे पाणी गोड्या पाण्याहून अडीच टक्के जड. अंगावरच्या सामानासह १०० किलो भरणाऱ्या पाणबुड्याला समुद्रापेक्षा खदानीत वा जलाशयात सुमारे अडीच किलो शिसे कमी पुरते. तारकर्लीला बांधलेला पट्टा तसाच बांधून जो येथे उतरेल, तो अपेक्षेपेक्षा झपाट्याने तळ गाठील.

मग निवड कोणाची करावी? त्या विद्यार्थ्याला जे सांगितले, ते असे : आजच्या स्थितीत दोहोंचीही नको. खदान लहान म्हणून सौम्य आणि जलाशय मोठा म्हणून क्रूर, ही समजूतच मुळात चुकीची. पाणी सुरक्षित होते ते त्याच्या आकाराने नव्हे, तर त्याच्यावर असलेल्या माणसाच्या देखरेखीने. मोजलेला तळ, उतरण्यास पायऱ्या, बरोबर जोडीदार, काठावर दोर आणि प्राणवायू, आणि जवळ उपचाराची सोय : इतके असेल, तर शिकण्यासाठी खदान जलाशयापेक्षा निश्चित बरी. इतके नसेल, तर दोन्हीकडे मृत्यू सारखाच. सराव तारकर्लीच्या गुरूंकडे वर्षातून एकदा झाला तरी चालेल. मधल्या काळात तरणतलावात पोहून दम राखावा.

परंतु स्कूबा ही मोजक्यांची हौस. पाणी मात्र सर्वांच्याच वाटेत आहे. आपल्या आजोबांच्या पिढीत पाठीला सांगड किंवा रिकामा डबा बांधून मळ्यातल्या विहिरीत पोरांना शिकवीत. काठावर दोर घेऊन काका किंवा मामा उभा असे. विहिरी गेल्या किंवा आटल्या, तशी ती शाळाही मोडली. मुले पोहणे शिकली नाहीत. खदानीची ओढ मात्र उरली. म्हणून माझे पालकांना आणि आपल्या मंडळांना सांगणे आहे. सुटीचे वर्ग भरवतो तसा पोहण्याचाही वर्ग भरवावा, मुलींसाठीही. काम संपलेल्या खदानीला कुंपण घालणे हे खाणवाल्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. ते झाले नसेल तर पाच जणांनी मिळून जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. आणि मुलांना हे घोकून घ्यायला लावावे, की बुडणाऱ्यासाठी उडी घ्यायची नाही. आरडाओरड करायची, आणि दोर, बांबू, पागोटे किंवा लुगडे, जे हाती लागेल त्याचे टोक त्याच्याकडे फेकायचे. बुडणारा मिठी मारतो, आणि एकाच्या जागी दोघे जातात.

मे महिना लागला की आपली मुले आजोळी निघतात. त्यांच्या पिशवीत खाऊ आणि पुस्तके भरताना आजोळच्या माणसांना एक प्रश्न चिठ्ठीत अवश्य लिहून पाठवावा : गावाजवळ खदान आहे काय, आणि तिला कुंपण आहे काय?