मोजायचं राहून जाणारं मिनिट

बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. नवजात बाळाच्या घरी आशाताईंनी कधी जायचं, याचं हे वेळापत्रक. संग्रामपूर तालुक्यात ते पाळणं जिकिरीचं आहे. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी, अंबाबरवा अभयारण्याच्या आसपास आदिवासी वस्त्या. खाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा, जिथं खारं पाणी आणि मूत्रपिंडाचे विकार हा बारमाही विषय.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, तेव्हा साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असं गणित ठरलं. काम मुख्यतः गरोदर माता, बाळंतपण आणि लसीकरणाचं होतं. पुढं क्षयरोग-कुष्ठरोगाच्या शोधमोहिमा आल्या, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा मधुमेह-रक्तदाबाचा फॉर्म आला, आयुष्मान कार्डं आली, मोबाईलवरच्या नोंदी आल्या. हजाराचा आकडा तोच राहिला. कागदोपत्री त्या ‘स्वयंसेविका’, आणि मोबदल्याचा काही भाग कामागणिक.

अशा ओझ्यानं माणूस थकतो, हे सांगायला विज्ञानाची गरज नाही. थकवा दिसतो तरी. न दिसणारा खर्च डोक्यात होतो.

एका वेळी आपण मनात किती गोष्टी धरून ठेवू शकतो? नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञानं २००१ मध्ये उत्तर दिलं : जेमतेम चार. त्यातही एक काम अर्धवट टाकून दुसरं हाती घेतलं, की पहिल्याचा काही भाग डोक्यात रेंगाळतो आणि दुसरं काम बिघडतं, असं सोफी लरॉय यांना २००९ च्या प्रयोगांत आढळलं. गरोदर बाईशी बोलता बोलता फोन येतो : “आजच्या आज यादी पाठवा.” (ती आजच का हवी, हे मागणाऱ्यालाही सहसा ठाऊक नसतं.) फोन मिनिटभरात संपतो. यादी डोक्यातून जात नाही, आणि बाईच्या पायावरची सूज विचारायची राहून जाते.

यावर सर्वांत बोलका प्रयोग आपल्याच देशातला आहे. आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन आणि सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या ५४ गावांमधल्या ४६४ ऊस उत्पादकांच्या बुद्धीची चाचणी घेतली : एकदा ऊसतोडीआधी, हात तंगीत असताना, आणि पुन्हा पैसे हाती आल्यावर. माणूस तोच, पण तोडीआधी गुण कमी. २०१३ मध्ये हे ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलं. पैशांच्या चणचणीनं डोक्यातली जागा अडवली होती. वेळेची चणचणही असंच करते, असं मुल्लईनाथन आणि एल्दार शफीर यांचं म्हणणं आहे. समोरचं निकडीचं काम लख्ख दिसतं आणि बाजूचं सगळं अंधारात जातं.

बाजूचं म्हणजे काय? नवजात बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे असतात. ६० किंवा जास्त भरले तर ते धोक्याचं लक्षण. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणता येत नाही, कारण एवढ्या लहान बाळाचा श्वास अनियमित असतो. घाईतल्या माणसाला हे मिनिट सर्वांत लांब वाटतं. आणि ते पाळलं की टाळलं, नोंदवहीत भेट एकच दिसते.

तास वाढवून हे भरून निघत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये दारूगोळा बनवणाऱ्या कामगारांच्या, प्रामुख्यानं स्त्रियांच्या, जुन्या नोंदी जॉन पेनकॅव्हल या अर्थतज्ज्ञानं नव्यानं तपासल्या. आठवड्याला ७० तास राबून निघालेलं उत्पादन ५६ तासांच्या उत्पादनाहून फारसं वेगळं नव्हतं. मधले चौदा तास जवळजवळ वाया गेले होते.

दुसरा हिशेब रांगेचा. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी ए. के. एरलांग यांनी १९०९ पासून त्याचं गणित मांडलं. ते ग्रामीण भागातल्या कुठल्याही ओपीडीला लावून पाहावं. डॉक्टर एकच, प्रत्येक रुग्णाला सरासरी सहा मिनिटं, आणि रुग्ण येतील तसे येणारे. तासाला आठ रुग्ण आले तर आत जाण्याआधी सरासरी २४ मिनिटं बसावं लागतं. नऊ आले तर ५४ मिनिटं. साडेनऊ, म्हणजे दोन तासांत आणखी एकच रुग्ण, तर ११४ मिनिटं! काम किंचित वाढलं आणि ताटकळणं दुपटीहून अधिक झालं. साहेबाच्या नजरेत ‘रिकामा’ बसलेला तो थोडका वेळच रांग हलती ठेवत असतो. माणसांच्या कामाची आखणी शंभर टक्के भरून करणं म्हणजे कार्यक्षमता, हा समज या गणितापुढं टिकत नाही.

जून २०२१ मध्ये, कोविडचं काम अंगावर असताना, राज्यातल्या आशाताईंनी संप केला. तडजोडीत मानधनात हजार रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता जाहीर झाला. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांना पुरस्कार देऊन गौरवलं. दोन्ही रास्तच, पण त्यांनी दिवस मोकळा होत नाही.

डोक्यात होणारा हा खर्च कमी करण्याचा एक उपाय मात्र जवळपास फुकट आहे. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं, की अर्धवट कामं डोक्यात घोळत असली तर पुढचं काम बिघडतं. पण ती कधी आणि कशी करायची हे नक्की ठरवून घेतलं, की काम पूर्ण न करताही तो त्रास मिटतो. तालुक्याच्या पातळीवर याचा अर्थ साधा आहे. याद्या आणि माहिती मागायचा आठवड्यातला एक वार ठरवून द्यायचा, आणि गृहभेटींच्या वेळात फोन करायचा तो फक्त तातडीच्या रुग्णासाठी.