दुधाची उलटतपासणी

पहाटे संकलन केंद्रावर कॅन उघडला की दुधाचा निकाल मिनिटाभरात लागतो. पडद्यावर फॅट आणि एसएनएफ (फॅट वगळून उरलेले घन घटक) उमटतात, त्यावर दर ठरतो. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर बहुधा ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगितला जातो. पॉइंट कमी लागला की पैसे कापले जातात. ज्या तपासणीवर घर चालतं ती नेमकं काय मोजते, हे दूध घालणाऱ्याला आणि पिणाऱ्यालाही ठाऊक असायला हवं.

लॅक्टोमीटर फक्त घनता पाहतो. दुधात पाणी घातलं की तो खाली बुडतो. मग साखर, मीठ किंवा युरिया विरघळवला की पुन्हा वर येतो. गर्बर पद्धत फक्त स्निग्धांश पाहते. सल्फ्युरिक आम्ल घालून नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची आणि वर जमलेला फॅटचा थर वाचायचा. प्रथिनांसाठी डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये दिलेली पद्धत आजही प्रमाण मानली जाते. पण तीही मोजते तो नायट्रोजन. त्याला दुधासाठी ६.३८ ने गुणून प्रथिनांचा आकडा काढतात. चीनमध्ये नेमकी हीच फट वापरली गेली. मेलामाइन या प्लास्टिक उद्योगातल्या रसायनात वजनाने दोन तृतीयांश नायट्रोजन असतो. त्यामुळे एक ग्रॅम मेलामाइन या हिशेबात चार ग्रॅमांहून जास्त प्रथिनं असल्यासारखं दिसतं. २००८ साली हे उघड झालं तेव्हा सुमारे तीन लाख बालकं आजारी पडली होती. त्यांच्या मूत्रपिंडात खडे झाले होते, आणि सहा बाळं दगावल्याची अधिकृत नोंद आहे. चाचणी चुकली नव्हती. तिला जे विचारता येत होतं तेवढंच तिने विचारलं, आणि तो प्रश्न भेसळ करणाऱ्याला आधीच माहीत होता.

अवरक्त वर्णपटमिती, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी केलेली तपासणी, इथे वेगळी ठरते. रेणूतले अणू जणू स्प्रिंगने जोडलेले असतात आणि सतत थरथरत असतात. झोक्याला त्याच्या लयीत ढकललं तरच तो उंच जातो, तसंच प्रत्येक बंध आपल्या लयीशी जुळणारेच अवरक्त किरण शोषतो. स्निग्ध पदार्थातला एस्टर बंध ५.७ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास, प्रथिनांचा बंध ६.५ च्या आसपास आणि लॅक्टोजचा ९.६ च्या आसपास. कोणते किरण किती कमी झाले हे पाहिलं की दुधाचे घटक एकाच वेळी कळतात. इथे नायट्रोजन किती हा प्रश्नच नाही. तो कोणत्या बंधात बसला आहे, हे विचारलं जातं. म्हणून मेलामाइन किंवा युरिया पुरेशा प्रमाणात असेल तर वर्णपटाचा आकार बदलतो आणि नमुना खटकतो.

हे साधायला एक मोठी अडचण होती. दुधाचा बहुतेक भाग पाणी, आणि पाणी स्वतःच अवरक्त किरण अधाशासारखं पितं. त्यामुळे केसापेक्षा पातळ थरातून किरण पाठवावे लागतात, आणि फॅटचे गोळे प्रकाश विखुरू नयेत म्हणून दूध आधी दाबाखाली एकजीव करावं लागतं. ब्रिटनमध्ये जे. डी. एस. गोल्डन यांनी १९६० च्या दशकात हे जमवलं. आजची फूरियर पद्धतीची यंत्रं सगळा वर्णपट मिनिटभरात घेतात.

तरीही या तंत्रावर आंधळा विश्वास मला मान्य नाही. दुधातलं फॅट काढून त्याजागी वनस्पती तेल मिसळलं तर एस्टर बंध तोच, म्हणून नेहमीचं यंत्र ते फॅट म्हणूनच मोजतं. तिथे गॅस क्रोमॅटोग्राफीच हवी. ती मेदाम्लं एकेक वेगळी करते आणि दुधातलं ब्युटिरिक आम्ल कमी पडलेलं दाखवते. अगदी अल्प विषारी अंशासाठी मास स्पेक्ट्रोमेट्री लागते, कारण ती रेणूचं वजनच करते. ही यंत्रं महाग, नमुन्याची तयारी वेळखाऊ. रोज हजारो नमुने चाळायला अवरक्त, आणि संशयिताचा शेवटचा निवाडा क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्रीकडे, अशी वाटणीच योग्य आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे अवरक्त यंत्राला स्वतःचं माप नसतं. गर्बर आणि केल्डालसारख्या पद्धतींनी मोजलेल्या नमुन्यांवर त्याला शिकवावं लागतं, त्यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. गायीच्या दुधावर शिकवलेलं यंत्र म्हशीच्या दुधाला तसंच लावलं तर आकडा घसरतो. गावोगावच्या अनेक केंद्रांवर तर अवरक्त नव्हे, ध्वनिलहरींवर चालणारी स्वस्त यंत्रं असतात. त्यांना युरिया ओळखता येत नाही, आणि कॅलिब्रेशनची गरज त्यांनाही तितकीच असते.

म्हणून दूध घालणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे : उद्या केंद्रावर गेलात की यंत्र कोणत्या तत्त्वावर चालतं आणि त्याचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी, कोणत्या दुधावर झालं, हे विचारा आणि त्याची नोंद पाहायला मागा.